वळ न उठवणारं हत्यार



खामगावात आपल्या पोरांची बैठक होती. विषय होता शिष्यवृत्तीचा. पण चहा येईपर्यंत गाडी पोलिसांवर गेली आणि पोलिसांवरून स्टन गनवर. दिसायला पिस्तुलासारखी. गोळी सुटत नाही, करंट सुटतो. माणूस जागच्या जागी लाकडासारखा पडतो आणि पाच सेकंदांनी शुद्धीवरच असतो. २०२० साली गुजरात पोलिसांनी ही टेझर नावाची चीज घेतल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून आपल्याकडचे काही शहाणे विचारू लागले आहेत की महाराष्ट्रानं मागं का राहावं.

बैठकीत पुण्याहून सुट्टीला आलेला, इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "भाऊ, गोयीपेक्षा त बरंच न? मानूस मरत त नाही. रमाबाई नगरात हे असतं त दहा जीव वाचले असते."

बैठक गप्प झाली. मीही गप्प झालो. रमाबाई नगराचं नाव निघालं की आपल्यात कुणाचा आवाज वर चढत नाही. त्या रात्री मला त्याला उत्तर देता आलं नाही. हा अग्रलेख म्हणजे त्याला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. तो वाचणार आहे हे मला माहीत आहे, म्हणून पोकळ घोषणा देऊन मी सुटका करून घेणार नाही.

त्याचा प्रश्न खोटा नाही. गोळी आणि करंट यांतलं एक निवड असं कुणी माझ्या कपाळावर नळी टेकवून विचारलं, तर मीही करंटच निवडीन. मेलेला माणूस चळवळ करीत नाही. पण मला सांगा, ही निवड आपल्यापुढं खरोखर आहे का? की दुकानदार दोन्ही वस्तू आपल्याच गळ्यात मारतो आहे?

आधी रमाबाई नगराचाच हिशेब करू. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली दिसली. लोक चिडून महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिनं गोळीबार केला. दहा माणसं मेली. नंतर सांगितलं गेलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं ही टँकरची कहाणी मान्य केली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पुढं त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. हे सगळं तुम्हाला पाठ आहे.

आता विचार करा. १९९७ साली पोलीस खात्याकडं गोळीशिवाय दुसरं काही नव्हतं काय? लाठी होती. अश्रुधूर होता. भोंगा होता, त्यातून दोन शब्द बोलता आले असते. म्हणजे गोळी सुटली ती दुसरं हत्यार नव्हतं म्हणून सुटली नाही. समोरची वस्ती कुणाची आहे हे बंदूक धरणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून सुटली. शिवाय करंटच्या या बंदुकीचा पल्ला जेमतेम काही मीटरचा. तारेनं जेवढं लांब जाता येईल तेवढाच. महामार्गावरून वस्तीवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या कमरेला ती लटकत असती, तरी ती कमरेलाच लटकत राहिली असती. तेव्हा, दोस्ता, ते दहा जीव या यंत्रानं वाचले नसते. ते वाचवायला हुकूम देणाऱ्याच्या डोक्यातली जात काढायला पाहिजे होती, आणि तसलं यंत्र अजून कुठल्या कंपनीनं बाजारात आणलेलं नाही.

आता यंत्राकडं वळू. आपण विज्ञानाला भिणारे लोक नाही. बाबासाहेबांची पोरं आहोत, पुर्जा न् पुर्जा उघडून बघू.

बंदुकीतून दोन हुक लागलेल्या सुया सुटतात, त्यांच्यामागं बारीक तारा. सुया कपड्यातून अंगात रुततात आणि ताऱ्यांमधून विजेचे ठोके सुरू होतात. पन्नास हजार व्होल्टचा आकडा जाहिरातीत मिरवतात. व्होल्ट जास्त पण अँपिअर अगदी कमी, म्हणून माणूस मरत नाही असा दावा. स्नायू आखडतात, माणूस खाली येतो. घोडा एकदा दाबला की पाच सेकंद. पण दाबूनच धरला तर जास्त. पुन्हा दाबला तर पुन्हा.

याच यंत्राची दुसरी एक रीत आहे आणि खरी मेख तिथं आहे. सुया न सोडता यंत्राचं तोंड सरळ माणसाच्या अंगाला टेकवायचं आणि घोडा दाबायचा. बरगडीला, मांडीला, मानेला. यानं माणूस लुळा पडत नाही. यानं फक्त दुखतं. पळणाऱ्याला थांबवायला ही रीत कामाची नाही, कारण टेकवायचं म्हणजे माणूस आधीच हाताशी सापडलेला असतो. मग ती कशासाठी? ज्याला धरून ठेवलंय त्याच्यासाठी. म्हणजे कोठडीसाठी. आमच्या वस्त्यांतल्या माणसांना "करंट लावणे" हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. पट्टा, टायर, करंट हा थर्ड डिग्रीचा पाढा आहे. आता तेच कंपनीच्या खोक्यात घालून, वॉरंटी कार्डासकट, सरकारी टेंडरनं येणार.

या खेळण्याचा जन्म कसा झाला तेही ऐका. अमेरिकेत जॅक कव्हर नावाच्या शास्त्रज्ञानं ते १९७० च्या दशकात बनवलं आणि लहानपणी वाचलेल्या एका पोरांच्या कादंबरीवरून त्याला नाव दिलं. १९११ सालच्या त्या कादंबरीतला गोरा पोरगा विजेची बंदूक घेऊन आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीला जातो, आणि हत्तींबरोबर तिथल्या काळ्या माणसांशीही लढतो. नावातच शिकार आहे, आणि शिकार कुणाची हेही आहे. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेच्या दक्षिणेत हक्कासाठी मोर्चे काढणाऱ्या काळ्या पोरापोरींच्या अंगाला तिथल्या पोलिसांनी गुरं हाकायची विजेची काठी लावली होती. आपल्या बापजाद्यांनी बैलाला पराणी टोचली, त्यांनी माणसाला. फ्रेंच फौजेनं अल्जेरियात फिरत्या टेलिफोनच्या जनित्राच्या तारा कैद्यांच्या अंगाला जोडल्या. वीज आणि कैदी यांची सोयरीक जुनी आहे. ब्लॅक पँथरवरून नाव घेणाऱ्या चळवळीच्या पोरांना हे माहीत नसेल तर ते नाव खाली ठेवावं.

"मानूस मरत त नाही." असं? २०१७ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं अमेरिकेतल्या कागदपत्रांचा ढीग उपसला. पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर मेलेल्यांचा आकडा हजाराच्या वर गेला. सगळे विजेनंच मेले असं नाही. मारहाण, दाबून धरणं, आजार, नशा हेही त्यात होतं. पण दीडशेच्या वर प्रकरणांत शवविच्छेदन करणाऱ्यांनी टेझरला मृत्यूचं कारण किंवा कारणातला वाटेकरी ठरवलं. मेलेल्यांतले बहुतेक निःशस्त्र होते आणि पुष्कळजण मनानं आजारी होते. इंग्लंडात २०१६ साली डेलियन ॲटकिन्सन या काळ्या माजी फुटबॉलपटूवर पोलिसानं सलग तेहतीस सेकंद घोडा दाबून धरला आणि वर डोक्यात लाथा घातल्या. तो मेला. २०२१ साली त्या पोलिसाला शिक्षा झाली. आणि "गोळीऐवजी करंट" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटात डॉन्टे राईट या वीस वर्षांच्या काळ्या पोरावर पोलीसबाईनं "टेझर, टेझर" असं ओरडत गोळी झाडली. हातात चुकून पिस्तूल आलं म्हणे. कमरेच्या एका बाजूला करंट आणि दुसऱ्या बाजूला गोळी. गोळी कुठंही गेलेली नाही.

आणि आपल्या देशात "जीव न घेणारं" हा शब्द पहिल्यांदा येतो आहे काय? काश्मिरात २०१० सालापासून छऱ्यांची बंदूक याच नावानं आणली गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात शेकडो पोरांच्या डोळ्यांत छरे गेले. माणूस मरत नाही, तेव्हा घोडा दाबायला हात कचरत नाही, हा त्यातला धडा आहे. गोळी झाडली तर पंचनामा होतो, काडतुसं मोजावी लागतात, आयोग बसतो, पेपरात नाव येतं. करंट सोडला तर काय? साहेब, आरोपी सहकार्य करीत नव्हता. बस्स. हे यंत्र बंदुकीची जागा घेत नाही, ते बोलण्याची जागा घेतं. जिथं हवालदाराला चार शब्द बोलून भागवावं लागलं असतं, तिथं तो आता घोडा दाबील.

आता मी परभणीला येतो. आपल्या जिल्ह्यातून लोणार ओलांडलं, मंठा-जिंतूर केलं की परभणी. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, आणि मग पोलीस वस्त्यांत शिरले. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, पस्तीस वर्षांचा, वकिलीचं शिकणारा. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. सरकारनं नागपूरच्या अधिवेशनात सांगितलं की त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वासाचा जुना आजार होता. दहा लाखांची मदत देऊ केली. घरच्यांनी ती नाकारली. त्या माउलीला आपला जयभीम.

पण प्रेत बोललं. शवविच्छेदनात लिहून आलं की अंगावरच्या अनेक जखमांमुळे झालेला शॉक. वैद्यकातला शॉक म्हणजे मारानं शरीरातला रक्ताचा गाडा कोसळणं. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं. मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. सरकार त्याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथून हात हलवत परत आलं.

आता त्या इंजिनिअर पोराला मी विचारतो. त्या कोठडीत काठीऐवजी करंटचं यंत्र असतं तर शवविच्छेदनात काय आलं असतं? सुईएवढे दोन डाग, किंवा तेही नाही. आणि खाली एक ओळ: हृदयक्रिया बंद पडली, श्वासाचा जुना आजार. सरकारनं जे तोंडी सांगितलं तेच कागदावर आलं असतं. काठीनं सोमनाथ मेला, पण काठीनंच साक्षही ठेवली. एक शॉक साक्ष ठेवतो. दुसरा शॉक साक्ष पुसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मी नववीत असताना माझ्या काकाला उसनवारीच्या भांडणावरून ठाण्यात नेलं होतं. ठाणं कुठलं, साहेब कोण, हे इथं महत्त्वाचं नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवर नांगरटीसारखे वळ होते. आजी रडत रडत हळद-तेल घेऊन बसली. तेवढ्यात वस्तीतले एक म्हातारे पँथरवाले आले आणि आजीचा हात धरून म्हणाले, "माय, हळद लावाच्या आंधी फोटो काढू दे." आजीला तो माणूस राक्षस वाटला. पण चिखलीहून फोटोवाला आणला, काका उघडा उभा राहिला, फोटो निघाला, मग हळद लागली. त्या फोटोवरून साहेबाला शिक्षा झाली नाही. पण काकावरचा गुन्हा मागं घेतला गेला, आणि पुन्हा कुणी आमच्या दारात आलं नाही. गरिबाकडं वकील नसतो, ओळख नसते, पैसा नसतो. त्याच्याकडं पुरावा म्हणून फक्त त्याची पाठ असते. ते ती पाठही कोरी करायला निघालेत.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतावर झटका मशीन सगळ्यांनी बघितलंय. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून तारेत ठोक्याठोक्यानं करंट सोडतात. जनावर दचकतं, मागं फिरतं, मरत नाही. पण कुणीतरी मशीनचा खर्च वाचवायला तारेला थेट लाईन जोडतो, आणि सकाळी तारेला चिकटलेला माणूस सापडतो. कधी शेजारचा, कधी स्वतः मालक. तार तीच असते. तिच्यात काय सोडायचं हे तार ठरवत नाही, जोडणारा ठरवतो. म्हणून मला यंत्राची माहिती-पुस्तिका दाखवू नका. जोडणारा दाखवा. आणि तारेच्या अलीकडं पीक कुणाचं, पलीकडं जनावर कोण ठरवलंय, तेही सांगा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतःच चोर ठरवलं आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्यावरचा शिक्का पुसला गेला नाही, त्या पारधी बेड्यावर हे यंत्र आधी येईल. मग बौद्धवाड्यात. मग मुसलमानांच्या मोहल्ल्यात. सिव्हिल लाइन्समध्ये ते फक्त प्रात्यक्षिकासाठी जाईल.

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही. देऊळगाव राजाच्या पलीकडं जालना जिल्हा. तिथल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आंदोलकांवर लाठ्या पडल्या. त्या बायाबापड्यांच्या डोक्यातून वाहिलेलं रक्त आपल्या रक्तासारखंच होतं, हे आपण म्हटलं पाहिजे. गृहमंत्र्यांनी तीन दिवसांत त्यांची क्षमा मागितली. बरं केलं. परभणीच्या वेळी मात्र क्षमा नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील पाठवला. मार सारखा, माफी वेगळी. या देशात जात कुठं असते म्हणून विचारणाऱ्याला ही दोन उत्तरं शेजारी ठेवून दाखवा.

कायद्याचं काय? १९९७ च्या जुलैत रमाबाई नगर झालं आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला भारतानं छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर सही केली. सही केली, पण मान्यता दिलेली नाही. २०१० साली छळविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पुढं वाटेत मेलं. २०१७ साली विधी आयोगानं पुन्हा मसुदा करून दिला, तो पडून आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनं पोर्तुगालला बजावलं होतं की टेझरचा वापर हा छळाचा एक प्रकार ठरतो. पण ज्या देशात छळ हा स्वतंत्र गुन्हाच नाही, त्या देशात हे बजावायचं कुणी कुणाला? राज्यसभेत २०२३ साली गृह खात्यानं दिलेल्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२२ या पाच आर्थिक वर्षांत पोलीस कोठडीत देशभर ६६९ माणसं मेली. यादीत पहिला गुजरात, ८०. दुसरा आपला महाराष्ट्र, ७६. यादीतल्या पहिल्यानं यंत्र घेतलं, आणि दुसऱ्यातले शहाणे विचारताहेत की आपण मागं का.

म्हणून माझं म्हणणं साफ आहे. मी विजेला विरोध करीत नाही आणि गोळीची वकिली तर मुळीच नाही. छळाचा कायदा होत नाही तोवर या राज्यात एकही स्टन गन नको. कायदा झाल्यावरही ठाण्याच्या आणि कोठडीच्या उंबऱ्याआत ती कधीच नको. अंगाला टेकवून वापरायची रीत यंत्रातूनच काढून टाका. घोडा किती वेळा, किती सेकंद दाबला याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं; ती चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटकडं आणि आरोपीच्या वकिलाकडं गेली पाहिजे, साहेबाच्या कपाटात नव्हे. ज्याच्यावर ती चालली त्याची सरकारी डॉक्टरनं लगेच तपासणी करावी. आणि कुणावर चालली याचा जात, जमात, धर्मासकट हिशेब दर वर्षी विधानसभेत मांडावा. सरकार यातलं एकही कबूल करणार नाही असं मला वाटतं. ठीक आहे. नाही म्हणू द्या. यंत्र कशासाठी पाहिजे होतं ते त्या नकारातूनच कळेल.

आणि आपण काय करायचं? सप्टेंबर १९४९ मध्ये अटक झालेल्या माणसाला संरक्षण देणारी तरतूद बाबासाहेबांनी स्वतः घटना समितीत मांडली. तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. पुतळ्याला हार घालताना हे कलम पाठ पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम घालून दिले आणि २०२० साली प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे लावायचा हुकूम दिला. वस्तीतलं पोरगं उचललं की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि त्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायची मागणी करा. डॉक्टरी तपासणी मागा, तो हक्क आहे, उपकार नाही. मॅजिस्ट्रेट विचारतात, "काही तक्रार?" तेव्हा मारणारा मागंच उभा असतो हे मला ठाऊक आहे. तरी मान खाली घालू नका. मोठ्यानं सांगा. "तक्रार नव्हती" हे वाक्य सोमनाथच्या प्रेतावर पांघरायला काढलं होतं, ते विसरू नका.

आणि सगळ्यात आधी, हळद लावायच्या आधी फोटो काढा. आजी रडली तरी काढा. ज्या दिवशी फोटो काढायला वळच उरणार नाही, तो दिवस यायच्या आत या यंत्राची वाट अडवा.

पुढच्या बैठकीला तो इंजिनिअर पोरगा येईल. त्याला माझं म्हणणं खोडायचं असेल तर त्यानं जरूर खोडावं. पुढच्या अंकात त्याला माझ्याएवढीच जागा आहे.

जयभीम!